रस्त्याचं वेळापत्रक मूळ फाइलमध्ये द्या, पीडीएफ पुरत नाही

घोडबंदर रोडवर बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेणाऱ्याला महारेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या नियामकाच्या, संकेतस्थळावर त्या इमारतीची पूर्णत्वाची तारीख पाहता येते. त्यामागचा रेरा कायदा २०१६ चा, महारेरा १ मे २०१७ पासून सुरू झालं, आणि कलम ११ नुसार विकासकाला दर तीन महिन्यांनी प्रकल्पाची माहिती अद्ययावत करावी लागते. तारीख पुढे गेली तर मूळ तारीख आणि सुधारित तारीख दोन्ही ग्राहकाला दिसतात. त्याच इमारतीसमोरच्या रस्त्यावर गेली काही वर्षं मेट्रो ४ चं काम आहे, सेवा रस्ते मुख्य रस्त्यात सामावून घेण्याचं काम आहे, गटारं आहेत, जलवाहिन्या आहेत. खासगी विकासकाला जे बंधन आहे, ते या कामांना नाही. लोकांच्या हातात येते ती फलकावरची तारीख आणि अधूनमधून होणारी घोषणा.

वेळापत्रक नसतं, असं मात्र नाही. प्रत्येक मोठ्या कंत्राटात ते असतं, दर महिन्याला त्याच्यावर बैठकही होते. पण ते कंत्राटदाराच्या प्लॅनरच्या लॅपटॉपमध्ये असतं आणि बाहेर पडतं ते ए-थ्री कागदावर छापलेल्या बारचार्टच्या रूपात. माझी मागणी साधी आहे: ठरावीक रकमेच्या वरच्या प्रत्येक सार्वजनिक कामाचं वेळापत्रक, ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनलं त्याच्या मूळ फाइलसह, दर महिन्याला लोकांसमोर आलं पाहिजे.

निविदेत सॉफ्टवेअरचं नाव लिहिण्याची पद्धत आता रुळली आहे. वेळापत्रक बनवण्याच्या सॉफ्टवेअरपैकी ‘प्रायमाव्हेरा किंवा तत्सम’ हे शब्द ठाण्यापासून उलव्यापर्यंतच्या निविदांमध्ये सर्रास दिसतात. प्रायमाव्हेरा घ्यायचं की एमएस प्रोजेक्ट, यावर निविदापूर्व बैठकीत बराच वेळ जातो. फाइल कुणाची, ती कोणत्या स्वरूपात आणि किती तारखेला द्यायची, बेसलाइन (सुरुवातीला मंजूर झालेलं मूळ वेळापत्रक) कोण जपणार, यावर एक ओळही नसते. सॉफ्टवेअर निवडण्यात सगळ्यात जास्त चुकतं ते इथे.

पीडीएफमध्ये काय हरवतं ते एका ओळीत दिसतं. जलवाहिनी सरकवण्याचं काम घ्या. छापील बारचार्टमध्ये ‘युटिलिटी शिफ्टिंग – १८० दिवस’ अशी एक लांब पट्टी असते, आणि तिच्यावर ६५ टक्के असा आकडा. कसले ६५ टक्के, हे कुणीच सांगू शकत नाही. नीट बनवलेल्या फाइलमध्ये याच कामाच्या सात-आठ ओळी असतात: वाहतूक पोलिसांची एनओसी, जुनी लाइन नेमकी कुठून जाते हे पाहण्यासाठी चाचणी खड्डे, पाइप मागवणं, खोदाई आणि टाकणी, दाबचाचणी, पाणीपुरवठा विभागाकडून शटडाउन घेऊन जोडणी, जुनी लाइन काढणं, आणि त्यानंतर त्या जागी पाइलिंग, म्हणजे पायाचे खांब जमिनीत उतरवणं. प्रत्येक ओळीला आधीची आणि नंतरची ओळ जोडलेली असते. शटडाउनची तारीख मिळाली नाही तर पाइलिंगचं मशीन कुठल्या दिवसापासून उभं राहील, हे मग फाइलच सांगते. पट्टी सांगू शकत नाही, कारण छापताना जोडण्याच गळून पडलेल्या असतात.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातली कंत्राटं तपासणारी यंत्रणा वेळापत्रकाला चौदा कसोट्या लावते. त्यातल्या काही आपल्याकडे जशाच्या तशा लावता येतील. आधीची किंवा नंतरची जोडणी नसलेल्या ओळी पाच टक्क्यांहून जास्त नकोत. ४४ कामाच्या दिवसांहून लांब ओळी पाच टक्क्यांच्या आत. तारीख जबरदस्तीने बांधलेल्या ओळीही पाच टक्क्यांच्या आत. फ्लोट म्हणजे समाप्तीची तारीख न हलता एखादं काम किती दिवस लांबू शकतं तो आकडा; तो उणे असलेली एकही ओळ नको. यातली एकही गोष्ट पीडीएफवर तपासता येत नाही. मूळ फाइल हातात असली की अर्ध्या तासात चारही तपासून होतात.

तारीख बांधणं हा प्रकार जरा उलगडून सांगायला हवा, कारण सगळ्यात जास्त फसवणूक त्यातूनच होते. प्रायमाव्हेरात एखाद्या ओळीला ‘मँडेटरी फिनिश’ लावलं की आधीची कामं कितीही रेंगाळली तरी ती ओळ ठरलेल्या तारखेलाच संपलेली दिसते आणि पुढची कामं त्या खोट्या तारखेपासून मोजली जातात. उद्घाटनाची तारीख आधी ठरलेली असली की ही कळ दाबण्याचा मोह होतो. ‘फिनिश ऑन ऑर बिफोर’ हे बंधन वेगळं आहे. ते जोडण्या मोडत नाही. काम उशिरा चाललंय हे उणे फ्लोटच्या आकड्यात उघड दाखवतं. छापील पट्टीवर दोन्ही सारखीच दिसतात. फाइलमध्ये एक रकाना उघडला की फरक समोर येतो.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची, आणि ती आपल्या भागात जीवघेणी आहे. पावसाळ्यात रस्ते खोदू देत नाहीत, डांबरीकरण होत नाही. समजा खोदाईच्या कॅलेंडरमध्ये १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस बंद धरले आहेत. ६१ दिवसांचं एक काम १ एप्रिलला सुरू झालं तर ३१ मे रोजी संपतं. तेच काम एनओसीला आठवडाभर उशीर झाल्यामुळे ८ एप्रिलला सुरू झालं तर ३१ मेपर्यंत ५४ दिवस भरतात, उरलेले सात दिवस ऑक्टोबरमध्ये जातात, आणि काम संपतं ७ ऑक्टोबरला. सात दिवसांच्या उशिराची किंमत १२९ दिवस. ज्या फाइलला पावसाळ्याचं कॅलेंडर लावलेलंच नाही, ती ७ जून दाखवते आणि मार्च महिन्यातल्या बैठकीत कुणालाही घाई वाटत नाही. पाइलिंग, खांब, गर्डर यांचं काम पावसात चालतं, म्हणून एकाच प्रकल्पाला किमान दोन कॅलेंडरं लागतात, आणि रेल्वेच्या ब्लॉकवर अवलंबून असलेल्या कामांना तिसरं. कुठल्या ओळीला कुठलं कॅलेंडर आहे, हेही छापील पट्टीवर नसतं.

हे लोकांसमोर असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. ८ एप्रिलच्या त्या एनओसीबद्दल नगरसेवकाने, पत्रकाराने, एखाद्या सोसायटीच्या सचिवाने मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विचारलं असतं. आज तो प्रश्न विचारला जातो जूनमध्ये, खड्ड्यात पाणी भरल्यावर.

प्रगतीच्या टक्क्यांबद्दलही थोडं. साइट इंजिनिअरला ‘किती झालं?’ असं विचारलं की मीटरमध्ये उत्तर मिळतं. ३०० मीटर गटारापैकी २५० झालं, म्हणजे ८३ टक्के. मूळ मुदत ६० दिवसांची असेल तर हिशेबाने दहा दिवस उरले. पण उरलेल्या ५० मीटरवर गॅसची लाइन आडवी असते, टपऱ्या असतात, आणि तिथे प्रत्यक्षात चाळीस दिवस लागणार असतात. महिनोन्‌महिने ‘नव्वद टक्के पूर्ण’ राहणारी कामं अशीच तयार होतात. विचारायचा प्रश्न एकच: अजून किती दिवस लागतील? उरलेले दिवस हा वेगळा रकाना दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि पुढच्या कामांच्या तारखा त्यावरून ठरतात. अहवालात मात्र टक्केच छापले जातात.

आता निवडीबद्दल. माझ्या मते सॉफ्टवेअरचा दर्जा कामाच्या रकमेवरून ठरवू नये. एकमेकांवर अवलंबून असलेली किती कंत्राटं एका जागी भेटतात, यावरून ठरवावा. घोडबंदरच्या रस्त्यावर एमएमआरडीए, महापालिका, महावितरण आणि महानगर गॅस यांची कामं एकाच पट्ट्यात येतात. एकाचं संपणं हे दुसऱ्याचं सुरू होणं असतं. अशा ठिकाणी अनेक प्रकल्प एकाच डेटाबेसमध्ये ठेवून त्यांच्यात जोडण्या करता येणं गरजेचं आहे, आणि तिथे प्रायमाव्हेराचा खर्च वसूल होतो. एमएस प्रोजेक्टच्या वेगवेगळ्या फाइलींमध्येही जोडणी करता येते, पण कुणी फाइलचं नाव बदललं किंवा फोल्डर हलवलं की ती तुटते. एका कंत्राटाचा उड्डाणपूल किंवा शाळेची इमारत असेल तर एमएस प्रोजेक्ट भरपूर झालं. प्रभागातलं पायवाट-गटाराचं पंचवीस ओळींचं काम एक्सेलमध्येच ठेवावं. त्याला प्रायमाव्हेराची अट घालणं म्हणजे छोट्या कंत्राटदाराला बाहेरून कुणाकडून तरी फाइल ‘बनवून’ आणायला लावणं. ती फाइल तो स्वतः कधी उघडत नाही.

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांमधून आलेल्या सल्लागारांनी जिरा, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं कामांच्या यादीचं साधन, सुचवण्याचा प्रकारही होतो. जिरा ज्या कामासाठी बनलं त्या कामासाठी उत्तम आहे. दर पंधरवड्याला यादी बदलते, आज नको वाटलेली गोष्ट पुढच्या वेळी वर येते, तिथे ते हवंच. पुलाच्या कामात पाइलच्या आधी पाइल कॅप (पाइलच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा) येत नाही आणि यादी बदलत नाही. तिथे फ्लोट आणि क्रिटिकल पाथ (समाप्तीची तारीख ठरवणारी कामांची साखळी) मोजणारं साधन लागतं, आणि जिरा मुळात त्यासाठी बनलेलं नाही. परवानग्यांचा पाठपुरावा करण्यापुरतं ते चालेल.

काहीही घ्या, विकत घेण्याआधी एक चाचणी करून बघावी. चालू कामातल्या साठेक ओळी घ्याव्यात, दोन वेगळ्या माणसांकडून लागोपाठ तीन महिन्यांची अद्ययावत माहिती भरून घ्यावी, मग फाइल बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी आणि समाप्तीची तारीख जुळते का पाहावं. बहुतेक वेळा पहिल्या फेरीत जुळत नाही. लॅग (दोन कामांमध्ये ठेवलेला थांबा) कुठल्या कॅलेंडरने मोजायचा, टक्केवारी कोणत्या प्रकारची, बांधलेल्या तारखांचं काय करायचं, याचे नियम प्रत्येकाचे वेगळे असतात. हा फरक कुठून येतो हे ज्या कार्यालयाला चाचणीत समजलं, त्याला पुढे कंत्राटदार फसवू शकत नाही.

फाइल बाहेर काढता येण्याला मी इतकं महत्त्व देतो, त्याला कारण आहे. रस्त्याच्या दोषदायित्वाचा काळ (काम संपल्यावर दोष दुरुस्त करून देण्याची कंत्राटदाराची मुदत) आणि त्यानंतरचा लवाद धरला तर वेळापत्रकाची गरज दहा-दहा वर्षं राहते. सॉफ्टवेअर तितकं टिकेल याची हमी कुणीच देत नाही. जिरा बनवणाऱ्या ॲटलासियनने ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या जिराच्या आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ ला थांबवला. मायक्रोसॉफ्टने प्रोजेक्ट ऑनलाइन बंद करण्याची तारीख ३० सप्टेंबर २०२६ जाहीर केली. मोठ्या, भक्कम कंपन्यांची ही उदाहरणं आहेत. फाइल स्वतःच्या ताब्यात असेल तर अडत नाही. प्रायमाव्हेराची एक्सईआर फाइल ही टॅबने विलग केलेली साधी मजकूर फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. एमएस प्रोजेक्टची फाइल प्रोजेक्टलिब्रेसारख्या मोफत साधनात वाचता येते. म्हणून ‘लोकांकडे महागडं सॉफ्टवेअर कुठे आहे?’ हा आक्षेप टिकत नाही. सगळ्यांनी उघडून पाहायची गरजही नाही. वाशी-नेरूळमधले निवृत्त अभियंते, अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी, दोन-चार पत्रकार एवढे लोक पुरेत.

आक्षेप आणखी आहेत. कंत्राटदार म्हणतात, फाइलमध्ये आमचे दर आणि मनुष्यबळ असतं, स्पर्धक ते वाचतील. हा आक्षेप रास्त आहे, आणि माहिती अधिकार कायद्याचं कलम ८ व्यावसायिक गोपनीयतेला संरक्षणही देतं. पण त्याच कायद्याचं कलम ४ प्राधिकरणांना मागणीची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करायला सांगतं, आणि दोन्ही पाळता येतात. प्रायमाव्हेरात प्रकल्पाची प्रत करायची. ‘रिसोर्स डिपेंडंट’ प्रकारच्या ओळी (ज्यांच्या तारखा रिसोर्सच्या, म्हणजे माणसं-यंत्रांच्या, कॅलेंडरवरून ठरतात) आधी ‘टास्क डिपेंडंट’ (कामाच्या स्वतःच्या कॅलेंडरवर चालणाऱ्या) करायच्या आणि त्यांना त्या रिसोर्सचंच कॅलेंडर लावायचं. हे न करता रिसोर्स उडवले तर तारखा हलतात. मग रिसोर्सच्या नेमणुका, खर्चाच्या नोंदी, दर असलेले जादाचे रकाने आणि नोटबुकमधल्या टिपा काढायच्या. एफ-९ दाबून पुन्हा शेड्यूल करायचं आणि समाप्तीची तारीख मूळ फाइलशी ताडून पाहायची. शेवटी एक्सईआर काढून मजकूर म्हणून उघडायची आणि उपकंत्राटदारांची किंवा व्यक्तींची नावं राहिली नाहीत ना, हे शोधायचं, कारण सामायिक याद्या फाइलबरोबर नकळत बाहेर जातात. सराव असलेल्या प्लॅनरला हे एका दुपारचं काम आहे.

बेसलाइनचं एक कलम विसरता कामा नये. एमएस प्रोजेक्टमध्ये अकरा बेसलाइन त्याच फाइलमध्ये साठतात. एक्सईआरमध्ये मात्र बेसलाइन येतच नाही. ती वेगळा प्रकल्प म्हणून बाहेर काढून स्वतंत्र फाइल मागावी लागते. ती मागितली नाही तर कामाचा उशीर मोजायला आधारच उरत नाही. मुदतवाढ मिळाली की नवी बेसलाइन बनते आणि जुनी गायब होते, मग पाच वर्षं रखडलेलं कामही अहवालात वेळेवर दिसतं. पहिली बेसलाइन कायम ठेवावी, आणि नंतरच्या प्रत्येकीसोबत मंजुरीचं पत्र जोडावं.

खरा अडथळा मात्र वेगळा आहे आणि त्याबद्दल उघड बोललं जात नाही. चांगली फाइल कंत्राटदाराचा उशीर जितका स्पष्ट दाखवते, तितकाच प्राधिकरणाचाही दाखवते. जागा ताब्यात मिळाली नाही, झाडांची परवानगी अडली, आराखडा मंजूर व्हायला तीन महिने लागले, हे सगळं ओळींमध्ये तारखेनिशी दिसतं. अधिकाऱ्याला वाटणारी भीती त्याच्या जागी खरी आहे: लवादात कंत्राटदार हीच फाइल पुढे करील. पण तो आजही करतोच. फरक इतकाच की आज ती फाइल काम संपल्यावर, वाद उभा राहिल्यावर, तज्ज्ञ नेमून मागाहून रचली जाते आणि प्राधिकरणाकडे तिला उत्तर द्यायला स्वतःची नोंद नसते. बांधकाम कायद्याच्या क्षेत्रात जगभर वापरला जाणारा सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉचा २०१७ चा विलंबविषयक दस्तऐवजही वेळापत्रक मूळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावं असंच सांगतो. साइटवरच्या अडथळा नोंदवहीत प्रत्येक नोंदीसमोर फाइलमधल्या ओळीचा क्रमांक लिहिला, एवढं केलं तरी दोन्ही बाजूंचं अर्धं भांडण मिटतं.

बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि १७ नोव्हेंबर २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. ११.१ किलोमीटर, अकरा स्थानकं. ही दोन टोकं सगळ्यांना माहीत आहेत. मधल्या बारा वर्षांतला कुठला महिना कशात गेला, याची सलग नोंद उघड असती तर नवी मुंबईतल्या पुढच्या मार्गिकांच्या मुदती ठरवणाऱ्यांना आज त्याचा थेट उपयोग झाला असता. चाचणी खड्ड्यांना खरोखर किती दिवस लागतात, परवानग्यांना किती, हे आकडे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. ते अशा जुन्या फाइलींमध्येच असतात.

शिक्षेबद्दल माझं मत ठाम आहे. फाइल वेळेवर दिली नाही तर चालू बिलातून रक्कम रोखावी. फाइलमध्ये उशीर दिसला म्हणून मात्र त्या महिन्यात एक रुपयाही कापू नये. उशिराचा दंड कंत्राटातल्या त्याच्या स्वतंत्र कलमाने, ठरलेल्या टप्प्यावर व्हावा. दर महिन्याच्या लाल आकड्यावर पैसे कापले की पुढच्या महिन्यापासून लाल आकडे यायचे थांबतात आणि मँडेटरी फिनिश वाढतात.

मनुष्यबळाचा प्रश्न राहतो. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपापल्या शहर अभियंत्याच्या कार्यालयात वेळापत्रक वाचता येणारे दोन-दोन अभियंते बसवावेत. प्रकल्प सल्लागारावर हे सोपवून चालणार नाही, कारण त्याचं बिल त्याच प्रकल्पातून निघतं. सुरुवात पंचवीस कोटींच्या वरच्या कामांपासून करावी, आणि निविदेत पुढची वाक्यं घालावीत: काम सुरू करण्याच्या आदेशापासून २८ दिवसांत बेसलाइनची मूळ फाइल द्यावी. त्यानंतर दर महिन्याच्या अखेरची स्थिती दाखवणारी मूळ फाइल पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावी. प्रत्येक फाइलची दर आणि व्यक्तींची नावं वगळलेली प्रत प्राधिकरण १५ तारखेपर्यंत संकेतस्थळावर ठेवील आणि आधीची एकही प्रत काढणार नाही.